दही, ताक, आंबील आणि हिरड्या : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

कामाची हद्द ठरली. सातारा परिसरातल्या घरांत नेहमी होणारे आंबवलेले पदार्थ घ्यायचे, त्यांची कृती एकसारखी बसवायची, ताटात येईपर्यंत त्यांत किती जिवाणू जिवंत राहतात ते मोजायचे आणि दंत शिबिरात हिरड्यांच्या तपासणीबरोबर देता येईल असे दोन पानी पत्रक तयार करायचे.

पहिली चाळणी एकच: आंबल्यानंतर पदार्थाला आच लागते का? इडली, डोसा, आंबोळी, ढोकळा आंबतात छान, पण वाफेत किंवा तव्यावर जिवाणू मरतात. कढीचेही तेच. हे पदार्थ वाईट नाहीत, पचायला हलके आहेत, फक्त या यादीत बसत नाहीत. सोलकढी आंबवलेली नसतेच. आपले कैरीचे लोणचे मीठ, तेल आणि आंबटपणावर टिकते, त्यात जिवंत जिवाणूंचा भरवसा नाही. उरले दही, ताक, ताक घातलेली आंबील आणि उत्तरेकडची गाजराची कांजी.

पत्रकात 'प्रोबायोटिक' हा शब्द घरच्या दह्यासाठी वापरायचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या २००१ च्या व्याख्येनुसार जिवाणू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने हवेत आणि त्यांचा फायदा दिसलेला हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचना तर जिवाणूची नेमकी उपजात ओळखलेली असावी असे सांगतात. घरच्या विरजणात काय आहे ते घराघराला वेगळे असते. म्हणून 'जिवंत जिवाणू असलेले आंबवलेले पदार्थ' असे लिहायचे. लांब आहे, पण खरे आहे.

९ जानेवारी

हिरड्यांबद्दल किती बोलायचे ते आधी ठरवले, कारण पत्रक वाचून कोणी ब्रश सोडून ताकावर विसंबले तर नुकसान आपल्या हातून होईल.

पाया १९६५ च्या डेन्मार्कमधल्या प्रयोगाचा. हॅराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू झाल्यावर साधारण आठवडाभरात पूर्ववत झाल्या. हिरडीच्या कडेला साचणारा जिवाणूंचा चिकट थर हे सुजेचे मूळ, आणि तो घासूनच निघतो.

आंबवलेल्या पदार्थांच्या बाजूने जपानमधल्या हिसायामा गावची पाहणी आहे, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली. रोज ५५ ग्रॅम किंवा जास्त दही अथवा आंबवलेले दुधाचे पेय घेणाऱ्यांत दात आणि हिरडी यांच्यामधले खोल कप्पे आणि हिरडी दातापासून सुटणे कमी आढळले. दूध आणि चीज यांच्याबाबत तसा संबंध दिसला नाही. पण ती एकाच वेळी केलेली पाहणी आहे. दह्यामुळेच फरक पडला असे त्यातून म्हणता येत नाही. स्वीडनमध्ये २००६ साली रूटेरी जातीचे जिवाणू घातलेला च्युइंगम दोन आठवडे दिल्यावर सूज कमी झाल्याचे नोंदले गेले. तिथे जिवाणू ठराविक होता आणि तोंडात बराच वेळ राहत होता. दुसऱ्या बाजूला, हिरड्यांच्या रोगावरच्या युरोपीय महासंघाने २०२० च्या मार्गदर्शिकेत हिरडीखालच्या सफाईला जोड म्हणून प्रोबायोटिक वापरू नये असाच सल्ला दिला आहे.

तेव्हा पत्रकातले वाक्य असे: 'घासणे आणि दंतवैद्याकडून साफसफाई हा उपचार, बिनसाखरेचे दही-ताक हा चांगला आहार.' यापुढे जायचे नाही.

१५ जानेवारी

दह्याची मूळ कृती बसवली.

१ लिटर दूध उकळी येईपर्यंत तापवून ८५ ते ९० अंशांवर १० मिनिटे ढवळत ठेवायचे. नुसती उकळी आणून उतरवले तर दही सैल होते. या वेळात दुधातली पाण्यात विरघळणारी प्रथिने उलगडून केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि दही घट्ट बसते, पाणी कमी सुटते. मग दूध ३० ते ३२ अंशांवर आणायचे. विरजण २० ग्रॅम, म्हणजे २ टक्के, आधी त्यातल्याच दोन डाव दुधात गुठळी न राहता फेटून मग सगळ्यात मिसळायचे. भांडे हलवायचे नाही. ३० अंश टिकले तर १० ते १२ तासांत लागते.

बाजारातल्या योगर्टचे कल्चर, म्हणजे विरजणातले जिवाणू, वेगळे. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस ही जोडी ४२ अंशांच्या आसपास जोमाने वाढते, चार ते सहा तासांत लावते. ती १९ अंशांच्या स्वयंपाकघरात रात्रभर ठेवली तर सकाळी दूधच मिळते. जानेवारीत अनेक घरांत दही न लागण्याचे कारण इथे आहे: आणलेले विरजण उष्णता मागणारे आणि रात्र थंडीची. उपाय म्हणजे झाकणबंद हॉटपॉटमध्ये किंवा गोधडीत गुंडाळून ठेवणे आणि दूध कोमटाहून थोडे जास्त असताना विरजण घालणे. ४८ अंशांच्या वर मात्र नको, घरच्या विरजणातले बरेच जिवाणू तिथे मार खातात.

पीएच (आंबटपणाचे माप, आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) ४.६ च्या सुमारास दही बसते, ४.५ ला फ्रिजमध्ये ठेवायचे. मीटर रोज ४ आणि ७ पीएचच्या ठराविक द्रावणांवर (बफरवर) जुळवायचा. दुधातली चरबी टोकाला चिकटली की आकडा सरकतो, म्हणून दर मोजणीनंतर साबणाच्या सौम्य पाण्याने आणि मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुणे.

काय बिघडते:

तार सुटते. काही जिवाणू चिकट शर्करा बनवतात. खाल्ल्याने अपाय होतोच असे नाही, पण ते विरजण पुढे चालवायचे नाही.

दह्यात भोके पडून बुडबुडे येतात, वास यीस्टसारखा. भांडे किंवा हात अस्वच्छ. फेकून द्यायचे.

वर पाणी खूप. विरजण जास्त पडले, उष्णता जास्त झाली किंवा लागल्यावर बाहेर राहिले.

अजिबात लागत नाही, विरजण चांगले असूनही. गोठ्यात विचारायचे. कासदाहावर प्रतिजैविक दिलेल्या जनावराचे दूध ठरलेल्या मुदतीआधी मिसळले गेले असेल तर विरजण त्यात वाढत नाही. तेच विरजण दुसऱ्या दुधात लावून पाहायचे. तिथे लागले तर दोष दुधाचा.

आणि कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात दही कळकते. हे आज्या सांगत आल्या ते बरोबर आहे, आम्लाने तांबे सुटते. स्टील, काच, चिनी माती किंवा मातीचे मडके वापरावे.

२१ जानेवारी

जिवंत जिवाणू मोजण्याची रीत लिहून ठेवत आहोत, म्हणजे हात बदलला तरी आकडा बदलणार नाही.

दही नीट ढवळून १० ग्रॅम घ्यायचे, ९० मिली निर्जंतुक ०.१ टक्का पेप्टोन पाण्यात मिसळायचे. ही पहिली दहापट. त्यातले १ मिली ९ मिलीत, असे करत सातव्या पायरीपर्यंत. प्रत्येक पायरीला पिपेटची नवी टिप. जुनीच टिप वापरली तर वरच्या पायरीचे जिवाणू खाली येतात आणि शेवटच्या प्लेटवर खोटी गर्दी दिसते. शेवटच्या तीन पायऱ्यांतले प्रत्येकी १ मिली दोन-दोन प्लेटमध्ये, त्यावर ४५ अंशांवर थंड केलेले एमआरएस अगर (लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू वाढवायचे माध्यम). अगर ५० च्या वर असेल तर मोजणीआधीच जिवाणू मरतील. घट्ट झाल्यावर प्लेट उलट्या, हवाबंद जारमध्ये, ३७ अंशांवर ४८ ते ७२ तास. गोल पेशींच्या जातींसाठी एम१७ अगरच्या वेगळ्या प्लेट, कारण एकट्या एमआरएसवर दह्यातले सगळे दिसत नाही.

३० ते ३०० वसाहती (अगरवर दिसणारे जिवाणूंचे ठिपके) असलेलीच प्लेट धरायची. हिशेबाचा नमुना: सहाव्या पायरीच्या प्लेटवर ८४ वसाहती आल्या तर ग्रॅमला ८ कोटी ४० लाख. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात योगर्टसाठी ग्रॅमला किमान १ कोटी अपेक्षित आहेत. तोच उंबरठा तुलनेला घेतला.

नमुने तीन वेळा काढायचे: लागल्याबरोबर, फ्रिजमध्ये तीन दिवसांनी, सात दिवसांनी. शिळे दही आंबट होते म्हणजे जिवाणू वाढले असे लोक समजतात. आम्ल साठते आहे, आणि पुढे तेच आम्ल त्यांना मारते.

२७ जानेवारी

ताक. १ भाग दही, ३ भाग पाणी, रवीने घुसळून. २०० मिलीच्या पेल्यात दही जेमतेम ५० ग्रॅम जाते. हॉटेलातले पाणचट ताक त्याहून कमी. पत्रकात 'पेला' न लिहिता 'अर्धी वाटी दह्याचे ताक' लिहिले, म्हणजे पाणी कितीही घातले तरी दही ठरलेले राहते.

मीठ पेल्याला चिमूटभर, १ ग्रॅमच्या आत. जिरेपूड, आले, हिंग, कोथिंबीर चालते. मठ्ठ्याला फोडणी दिली तर ती आधी निवू द्यावी. साखर नाही. गोड लस्सी आणि श्रीखंड सणाला खावे, पण हिरड्यांच्या यादीत नाही. श्रीखंडात चक्क्याच्या जवळपास वजनाची साखर असते. दूध आंबवणारे जिवाणू साखरेपासून आम्ल करतात, आणि दात किडलेल्या खळग्यात लॅक्टोबॅसिलस आधीच मुक्कामाला असतात. तिथे गोड दही देणे म्हणजे त्यांना खाद्य पुरवणे.

ताक तोंडात अर्धा मिनिट घोळवून गिळावे का, यावर चर्चा झाली. संपर्क वाढतो हे खरे. पण हिरडी खाली सरकून मुळे उघडी पडलेल्यांचा दात आधीच ठणकतो, आणि मुळावरचा भाग दाताच्या कवचापेक्षा कमी आम्लालाही झिजतो. कवचाची मर्यादा साधारण पीएच ५.५, मुळाची त्याहून वर, ६ च्या पुढे. दह्याचा पीएच ४.५ असला तरी त्यात कॅल्शियम व फॉस्फेट भरपूर असल्याने झीज होत नाही म्हटले तरी चालेल. तरीही घोळवण्याची शिफारस पत्रकात नको.

३ फेब्रुवारी

आंबील. या प्रकल्पातला सर्वांत समाधान देणारा पदार्थ, आणि सर्वांत जास्त गैरसमजही इथेच.

नाचणीचे पीठ ५० ग्रॅम, पाणी २०० मिली, ताक १ मोठा चमचा. कालवून झाकून रात्रभर, १२ तास. फेस आणि आंबूस वास आला की बरोबर. सकाळी ६०० मिली पाण्याला उकळी आणून त्यात हे पीठ धारेने सोडायचे, दुसऱ्या हाताने ढवळत. मंद आचेवर ८ ते १० मिनिटे, कच्चा वास जाईपर्यंत.

इथवरची आंबील रुचकर आहे, आंबवल्याने नाचणीतला फायटेट (खनिजे अडवून धरणारा घटक) कमी होऊन त्यातले लोह व कॅल्शियम शोषायला सोपे जाते (१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते). पण रात्रभर वाढलेले जिवाणू उकळीत गेले. पुन्हा जिवंत होते ती वरून घातलेल्या ताकामुळे. म्हणून ताक केव्हा घालता यावर सगळे अवलंबून. आंबील ४० अंशांच्या खाली आली पाहिजे. थर्मामीटर नसेल तर भांड्याला तळहात लावून बिनधास्त धरता आला पाहिजे. मग घट्ट ताक २५० मिली, मीठ, ठेचलेला लसूण किंवा जिरे.

गरम आंबिलीत ताक ओतले की दोन गोष्टी होतात: ताक फाटून कण दिसतात, आणि जिवाणू मरतात. फाटू नये म्हणून काहीजण ताकाला पीठ लावून एकत्रच शिजवतात. दिसायला गुळगुळीत, मोजणीत शून्याच्या जवळ. ज्वारीच्या आंबिलीलाही हाच नियम.

उन्हाळ्यात पीठ ६ ते ७ तासांतच आंबते. जास्त ठेवले तर कडवट, आणि वर गुलाबी किंवा काळी बुरशी दिसली तर वरवर काढून उरलेले वापरायचे नाही, सगळे टाकायचे.

१० फेब्रुवारी

गाजराची कांजी. गाजर ५०० ग्रॅम, एक बीट, उकळून निवलेले पाणी २ लिटर, मीठ ४० ग्रॅम, मोहरीची पूड २० ग्रॅम. बरणीत घालून तोंडाला फडके, उन्हात तीन ते पाच दिवस, रोज कोरड्या लाकडी चमच्याने ढवळणे. गाजर पाण्याखाली राहिले पाहिजे. वर तरंगणाऱ्या तुकड्यांवर पांढरा साय-पापुद्रा येतो.

चव उत्तम, दूध न चालणाऱ्यांना पर्याय. पण पीएच ३.५ च्या आसपास जातो आणि दह्यासारखे कॅल्शियम पाठीशी नाही. दिवसभर घोटघोट पिणाऱ्याचे दात झिजतील. शिवाय १०० मिलीत २ ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे. कांजी पत्रकातून काढली. ज्यांना करायची त्यांनी जेवणात अर्धी वाटी, नंतर पाण्याची चूळ, आणि अर्धा तास ब्रश नाही.

१७ फेब्रुवारी

तपासणीचा सराव. दोन तपासनीसांच्या नोंदी जुळल्याशिवाय शिबिर नाही.

सीपीआय प्रोबच्या (हिरडी तपासायच्या खुणांच्या सळईच्या) टोकाला ०.५ मिमीचा गोळा, ३.५ ते ५.५ मिमी काळा पट्टा. दाब २० ग्रॅमच्या वर नको. हात बसवण्यासाठी गोळा अंगठ्याच्या नखाखाली ठेवून हलके दाबायचे. दुखायला नको. जोर जास्त झाला तर निरोगी हिरडीतूनही रक्त येते आणि सगळी आकडेवारी फुगते. प्रोब दाताला समांतर, हिरडीच्या खाचेत चालवायचा, टोचायचा नाही. रक्त लगेच दिसेलच असे नाही, ३० सेकंद थांबून मग नोंद.

प्रत्येक दाताच्या सहा जागा. २४ दात असतील तर १४४ जागा, त्यांपैकी ३६ ठिकाणी रक्त आले तर २५ टक्के. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात १० टक्क्यांच्या खाली म्हणजे निरोगी, १० ते ३० मर्यादित हिरडीदाह, त्यावर पसरलेला.

रक्त न येणे म्हणजे हिरडी बरी असे प्रत्येक वेळी नसते. धूम्रपानाने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रोग असूनही रक्त कमी दिसते. मशेरीचा प्रश्न आपल्या भागात मोठा आहे, विशेषतः बायकांत. भाजलेल्या तंबाखूची ती पूड हिरडीला चोळली जाते, त्या जागी पांढरट सुरकुतलेला पट्टा आणि खाली सरकलेली हिरडी आढळते. 'तंबाखू खाता का?' याला उत्तर 'नाही' येते, कारण मशेरी त्यात कोणी धरत नाही. तिचे नाव घेऊनच विचारायचे, आणि रागावून नाही. नोंदीत आणखी: मधुमेह, गरोदरपण, रक्त पातळ करणारी औषधे, आणि फेनिटॉइन (फिट्सवरचे) किंवा अम्लोडिपीन (रक्तदाबावरचे) ही औषधे, ज्यांनी हिरडी फुगते.

२४ फेब्रुवारी

क्रम ठरवला. सफाई, ब्रशची पद्धत आणि दही एकाच दिवशी सुरू केले तर कशाने काय झाले ते कळणारच नाही. आधी स्केलिंग (दंतवैद्याने दातांवरचा थर खरवडून काढणे) आणि घासायचे शिकवणे, चार आठवडे स्थिरावू द्यायचे, मग आहार. दोन्ही गटांना घासणे सारखेच. एका गटाला रोज १०० ग्रॅम बिनसाखरेचे दही, दुसऱ्याला त्याच डेअरीचे तेवढेच दूध, किमान आठ आठवडे. तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटात ते कळू द्यायचे नाही.

क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची चूळ या काळात नाही. ती चांगले-वाईट पाहत नाही. प्रतिजैविक घेतलेली व्यक्ती त्या फेरीत धरायची नाही. पहिल्या सहभागीआधी नैतिकता समितीची परवानगी, मराठी संमतीपत्र आणि सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी.

घासण्याचे शिकवणे: मऊ ब्रश, केस हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत, जागच्या जागी थरथरवत, मग दाताच्या टोकाकडे. दोन मिनिटे. फटी मोठ्या असतील तिथे इंटरडेंटल ब्रश, फटीत सहज पण घट्ट जाईल अशा मापाचा. दही दुपारच्या जेवणात. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही.

६ मार्च

कोणाला नाही: केमोथेरपी चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेले, दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असलेले. कृत्रिम हृदयझडप असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे मोजमाप त्यांच्या आहारतज्ज्ञाकडे. दुधाने पोट फुगणाऱ्यांना दही बहुधा सोसते, थोड्यापासून सुरू करावे. निरशा दुधाचे दही कोणालाच नाही.

२० मार्च

उष्मा वाढला. त्याच कृतीत दही दुपारपर्यंतच लागून आंबट होऊ लागले. विरजण १ टक्क्यावर, लिटरला १० ग्रॅम. सकाळी लावून चार-पाच तासांनी पाहायचे, बसले की लगेच थंड. मडके असेल तर पाणी झिरपून दही दाट आणि गार राहते, पण त्याच्या छिद्रांत जुने दही अडकते. साबण नको, उकळते पाणी आणि कडक ऊन.

शिबिराला नेताना बर्फाच्या पेटीत. मोजणीचा एक नमुना स्वयंपाकघरात न काढता वाटपाच्या टेबलावरून काढायचा. खाणाऱ्याच्या हातात काय पडते तेच महत्त्वाचे.

विरजणाचा मूळ साठा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला. घरोघरी फिरून विरजणाचा स्वभाव बदलत जातो. महिन्याला ट्रेमधल्या एका वडीवरून नवीन सुरुवात. वडी फ्रिजमध्ये वितळवावी, गरम दुधात टाकू नये. पहिले दही थोडे सुस्त लागते, दुसऱ्या पिढीचे वापरायचे.

४ एप्रिल

आहारनोंदीचा तक्ता. 'दही खाता का?' याचे उत्तर सगळ्यांचे 'हो' असते. त्याऐवजी: काल काय खाल्ले, किती वाट्या, कच्चे की शिजवलेले, साखर घातली का. कढीचा रकाना वेगळा. वाटी घराघरात ८० मिलीपासून २०० मिलीपर्यंत असते, म्हणून सहभागींना खूण केलेली १०० मिलीची वाटी द्यायची. विकतच्या फळांच्या स्वादाच्या दह्यासाठी डब्यावरची १०० ग्रॅममागची साखर उतरवून घ्यायची.

१७ एप्रिल

पत्रकाचा मजकूर पक्का. पहिल्या पानावर घासण्याची चित्रे, दुसऱ्यावर दही, ताक व आंबील, प्रत्येकात ताप कुठे थांबवायचा ते ठळक अक्षरांत. तळाशी चौकट: हिरडीतून पू, दात हलणे, नव्या फटी पडणे, गालाला सूज, दोन आठवडे घासूनही रक्त न थांबणे, यांपैकी काही असेल तर दही खात वाट पाहू नका, दंतवैद्याकडे जा.

छपाईला देण्याआधी आंबिलीची कृती तीन वेगळ्या घरांत, तिथल्याच चुलीवर आणि भांड्यांत करून घ्यायची आहे. ताक घालतानाचे तापमान तिथे मोजले जाईल. मे महिन्याच्या नमुन्यांसाठी एमआरएस अगर मागवले.